एकट्याची खोली

आपल्याकडे ‘एकटा जीव सदाशिव’ अशी एक म्हण आहे. ज्याला पाश नाहीत त्याला चिंता नाहीत, असा तिचा अर्थ. सड्याफटिंग माणसाविषयी संसारी माणसाला वाटणारा थोडासा हेवा आणि बराचसा अविश्वास त्या म्हणीत साठलेला आहे. पण म्हण रचणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घेतलेली दिसत नाही. सदाशिवाला कैलासावर भाडे पडत नव्हते. ज्या एकट्या जीवाला पहिल्या तारखेस मालकाच्या मेहताजीपुढे उभे राहावे लागते, त्याची गोष्ट निराळी. आणि ती गोष्टच आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

घराचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कुटुंब उभे राहते. नवरा, बायको, दोन मुले, म्हातारी आई. आणि त्यांना पुरेल अशी जागा. आपली भाषासुद्धा याच समजुतीवर चालते. ‘त्याने पुण्यास बिऱ्हाड केले’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याने बायको आणली, चूल मांडली, असा अर्थ आपण न सांगता धरतो. एकटा माणूस बिऱ्हाड करीत नाही. तो कोठेतरी ‘पडलेला’ असतो. ‘सध्या मित्राच्या खोलीवर पडलो आहे,’ असे तो स्वतःच म्हणतो. ज्याच्या राहण्याला क्रियापदही धड मिळालेले नाही, त्याच्यासाठी सरकारने, नगरपालिकेने किंवा घरमालकाने काय केले असेल, हे शोधू गेल्यास हाती येणारा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. माझ्या मते मुंबई शहराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा पुष्कळ अंशी एकट्या माणसांचा इतिहास आहे, आणि तो कुटुंबाच्या मापाने लिहिला गेल्यामुळे नीट कळलेला नाही.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापिली. पुढच्या पन्नास वर्षांत ताडदेव, भायखळा, परळ, लालबाग, शिवडी या भागांत धुराड्यांचे रान उभे राहिले. त्या धुराड्यांखाली राबावयास माणसे आली ती मुख्यतः रत्नागिरी आणि सातारा या दोन जिल्ह्यांतून. आणि ती आली एकटी. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण सव्वापाचशेच्या आसपास होते. म्हणजे रस्त्यावरून तीन माणसे चालली तर त्यांतले दोघे पुरुष. त्याच वेळी रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांहून बायका कितीतरी अधिक. एकाच संसाराचे हे दोन तुकडे; मधे बोटीचा प्रवास आणि महिन्याची मनीऑर्डर.

हे पुरुष एकटे का आले, याचे उत्तर ‘बायकांना आणण्याची रीत नव्हती’ असे देऊन भागत नाही. कोकणात जमीन थोडी आणि तीही खोताची. कूळ म्हणून आपली वहिवाट टिकवावयाची तर कोणीतरी तेथे राबत असणे भाग होते. (खोती कायद्याने गेली ती १९४९ साली.) शेत पोट भरण्यास पुरत नव्हते आणि गिरणीचा पगार संसार चालविण्यास पुरत नव्हता, दोन अपुऱ्या उत्पन्नांची सांगड घालावयाची तर माणसांची ताटातूट करावी लागे. नवरा मुंबईत ‘चाकरमानी’ झाला, बायको भातखाचरात राहिली. अण्णा भाऊ साठे यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैनेची छक्कड लिहिली, ती मैदानात बसलेल्या हजारोंच्या काळजाला भिडली याचे कारण केवळ कवित्व नव्हे; ऐकणाऱ्यांपैकी किती तरी जणांची मैना खरोखरच गावी होती.

आता या माणसाने राहावे कोठे? येथे अर्थशास्त्राचा एक साधाच पेच आहे. पगार मिळतो तो माणशी, पण भाडे द्यावयाचे ते खोलीमागे. कुटुंबवत्सल माणसाची खोली भरलेली असते. बायको आणि थोरला मुलगा कामाला जात असतील तर भाड्याला तीन पगारांचा हात लागतो. एकट्याने तीच खोली घेतली तर त्याच चार भिंतींचे आणि त्याच छपराचे पैसे एका पगारातून जावयाचे. चुलीचे तसेच. पाच माणसांच्या स्वयंपाकाला लागणाऱ्या लाकडांच्या पाचव्या हिश्श्यात एका माणसाचे जेवण शिजत नाही. म्हणजे एकटेपण हे महाग आहे, आणि ते गरिबालाच अधिक महाग पडते.

हा पेच राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसाने १९२१-२२ मध्ये कामकऱ्यांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत २४७३ कुटुंबांच्या जोडीला ६०३ एकट्या पुरुषांचे हिशेब स्वतंत्रपणे घेतले होते. पाहणी करणाऱ्या फिंडले शिरास यांच्या कचेरीला दिसले ते असे की, कामकरी कुटुंबांपैकी शंभरांत सत्त्याण्णव एकाच खोलीत राहतात. कुटुंबाच्या खर्चात भाड्याचा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास निघाला. हा आकडा वाचून आज कोणालाही मुंबई स्वस्त होती असे वाटेल. पण तो स्वस्ताईचा आकडा नव्हे, दाटीचा आहे. भाडे कमी होते, कारण जागाच घेतलेली नव्हती. शिवाय पुष्कळ कुटुंबे आपल्या एकुलत्या एक खोलीत एखाददुसरा एकटा माणूस पैसे घेऊन ठेवून घेत. त्याचे भाडे मिळाले म्हणून कुटुंबाचे भाडे निघे. आणि कुटुंबाने जागा दिली म्हणून त्याला भिंत मिळे. आपल्या भाषेत अशा माणसाला ‘पोटभाडेकरू’ हा नेमका शब्द आहे. पुढे कायद्याने याच शब्दाच्या मागे कसे लागावयाचे ठरविले, ते ओघाने येईलच.

सरकारने काय बांधले तेही पाहू. १८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि कोंदट वस्त्यांचा प्रश्न एकाएकी जिवाचा झाला. १८९८ च्या कायद्याने इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रस्ते रुंद केले, वस्त्या पाडल्या, काही चाळीही बांधल्या; पण आरंभीच्या वर्षांत त्याने पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांहून अधिक होत्या, आणि ज्यांच्या पाडल्या त्यांनाच नव्या मिळाल्या असेही नाही. पाडापाडीचा पहिला घाव एकट्यावर पडतो, कारण तो राहतो ती जागा त्याच्या नावावर नसते. ज्याचे नाव भाडेपावतीवर, त्याची गणती होते. जो त्याच्या पडवीत वळकटी टाकून झोपतो त्याची होत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. पन्नास हजार खोल्यांचा बेत होता. शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवून त्याचा खर्च भागवावयाचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. प्रत्येकीत चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एकंदर सोळा हजारांच्या वर. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. या ‘बी. डी. डी.’ चाळी पुढे महाराष्ट्राच्या राजकीय आणि साहित्यिक इतिहासात गाजल्या, पण जन्मतः त्यांची अवस्था केविलवाणी होती. शहरात माणूस माणसाच्या उशाशी झोपत असता वरळीच्या चाळी कित्येक वर्षे रिकाम्या पडून होत्या. गिरण्यांपासून लांब, सोयी अपुऱ्या, आणि भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेर. भाडी उतरवावी लागली. १९३० च्या कायदेभंगात सरकारला सत्याग्रही कोंडावयास जागा अपुरी पडली, तेव्हा यांतल्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला! ज्या खोल्यांत भाडे देऊन राहावयास माणूस मिळेना, त्यांत फुकट राहावयास देशभक्त आणले गेले. मुंबईच्या गृहनिर्माणाच्या इतिहासात याहून बोलका प्रसंग मला माहीत नाही.

येथे लंडनची थोडी तुलना करण्यासारखी आहे. डिझरायलीचा चिटणीस असलेल्या लॉर्ड राउटनने १८९२ साली व्हॉक्सहॉल येथे एकट्या कामकरी पुरुषांसाठी एक प्रचंड वसतिगृह बांधले. सहा पेन्स दिले की रात्रीपुरती स्वतंत्र कोठडी, स्वच्छ अंथरूण, खाली भोजनगृह, वाचनालय, न्हाणीघर. अशी सहा घरे त्याच्या कंपनीने १९०५ पर्यंत उभी केली आणि ती चालविताना भागीदारांना नफाही दिला. बायकांना तेथे प्रवेश नव्हता, हे व्यंग होतेच. तरी महत्त्वाची गोष्ट ही की, तेथे भाड्याचे माप बदलले होते. भाडे खोलीला नव्हते, माणसाला होते. मुंबईत, जेथे एकट्या पुरुषांची संख्या कुटुंबांना झाकून टाकीत होती, तेथे ट्रस्टने आणि डेव्हलपमेंट खात्याने ज्या चाळी उठविल्या त्यांत माप खोलीचेच राहिले. राज्यकर्त्यांच्या मनात कामगार म्हणजे कुटुंब, आणि कुटुंब आले नसेल तर उद्या येईल, ही समजूत इतकी घट्ट होती की समोरचा माणूस त्यांना दिसला नाही.

तेव्हा जे सरकारला सुचले नाही ते रत्नागिरीच्या निरक्षर शेतकऱ्याने केले. त्याने भाड्याचे माप स्वतःच बदलले. गावातल्या पंधरावीस, कधी तीसचाळीस माणसांनी मिळून एक खोली घ्यावयाची. पावती एखाद्या वडीलधाऱ्याच्या नावे करावयाची. आणि दरमहा वर्गणी गोळा करून भाडे भरावयाचे. ही ‘गावकीची खोली’. लालबाग-परळच्या चाळींतून अशा खोल्या जागोजाग होत्या आणि काही अजूनही आहेत. खोलीत प्रत्येकाच्या मालकीची जागा किती? भिंतीवर एक खुंटी, मांडणीवर किंवा कडेला एक पत्र्याची पेटी, आणि कोपऱ्यात एक वळकटी. बाकी सर्व जमीन समाईक. इतकी माणसे एका खोलीत निजत कशी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर गिरणीच्या भोंग्यात आहे. दिवसपाळीची माणसे बाहेर पडली की रातपाळीची आत येत. एका माणसाने सोडलेल्या जागेवर दुसरा आपली वळकटी उलगडी. उन्हाळ्यात गॅलरी, गच्ची आणि फुटपाथ होतेच. कसोटी लागे ती पावसाळ्यात.

ही खोली नुसती निजावयाची जागा नव्हती. गावाहून आलेला पोरगा बोटीतून उतरला की तो थेट तेथे येई. काम मिळेपर्यंत त्याच्याकडून वर्गणी मागत नसत. खोलीतल्याच कोणी मुकादमाकडे त्याचा शब्द टाकावयाचा. आजारी पडला तर त्याला गावी पोचवावयाचे, मेला तर खांदा द्यावयाचा आणि त्याची पेटी घरी पाठवावयाची. वर्गणीतून उरलेल्या पैशांवर गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, शाळेची कौले चढली, विहिरी बांधल्या गेल्या. दारू पिऊन यावयाचे नाही, बाहेरच्याला परस्पर निजवावयाचे नाही, असे नियम असत आणि मोडणाऱ्याला दंड असे.

गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींनी हीच कल्पना आणखी पक्की केली. धोबीतलाव, माझगाव, डोंगरी या भागांत त्यांचे गावोगावचे ‘कूड’ होते. इंग्रजीत त्यांना क्लब म्हणत. बोटीवरचे खलाशी, खानसामे, बँडवाले असे गावचे पुरुष दोन सफरींच्या मधल्या दिवसांत तेथे उतरत. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत असे कितीतरी कूड एकावर एक आहेत. दिवाणखान्यात ग्रामदैवताच्या जागी गावच्या संताची वेदी, सायंकाळी सर्वांनी जपमाळेच्या प्रार्थनेला बसावयाचे, भिंतीला ओळीने पेट्या. पेटी हीच त्या माणसाची मिळकत आणि तीच त्याचा पत्ता. माणूस सहा महिने समुद्रावर असला तरी पेटी खोलीत असे, आणि पेटी असेपर्यंत तो सभासद असे.

जेवणाची सोय खानावळीने केली, आणि खानावळ म्हणजे बाई. गिरणगावातली एखादी कामगाराची बायको, पुष्कळदा विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली, आपल्या एका खोलीत दहापंधरा माणसांना दोन वेळ जेवू घाली. पैसे महिन्याअखेर, पगार झाल्यावर. म्हणजे महिनाभर तिने उधारीवर जिन्नस आणावयाचे आणि उधारीवर वाढावयाचे. १९२८ चा संप सहा महिने चालला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप तर रीतसर मिटलाच नाही. या संपांचे श्रेय-अपश्रेय पुढाऱ्यांच्या नावे मांडले जाते. पण पगार बंद असता माणसे जेवली कोणाच्या ताटात, हे विचारले पाहिजे. त्या बाईचे दागिने वाण्याकडे गहाण पडत होते. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढून या खानावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे या धंद्याला धंदा म्हणून कोणी ओळखले.

येथवरचे वर्णन ऐकून कोणास वाटेल की, आमच्या लोकांनी आपला प्रश्न आपणच किती छान सोडविला! हा अभिमान थोडा आवरला पाहिजे. गावकीच्या खोलीत जागा मिळे ती गावचा म्हणून, आणि गाव म्हणजे वाडी, वाडी म्हणजे जात. मराठ्यांची खोली निराळी, महारांची निराळी. दारावर पाटी नव्हती, पण नियम सर्वांस ठाऊक होता. एकट्या माणसाला बाजारात जागा परवडत नाही म्हणून तो जातीच्या आसऱ्याला जातो, आणि मग जातीने सांगितलेली शिस्त त्याला पाळावी लागते. ज्याच्या मागे असा आसरा नाही, किंवा ज्याचा आसरा गावकुसाबाहेर ठेवलेला आहे, त्याने काय करावे?

याचे उत्तर एका प्रसंगात मिळते. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि इंग्लंड येथील शिक्षण करून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. हाती पदव्या, पगार ठरलेला, अंगावर सुटाबुटाचा पोशाख. शहरात त्यांना कोणी खोली देईना. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लिहून ते राहिले. रोजचे भाडे दीड रुपया. वरचा मोठा दिवाणखाना, रात्री वटवाघळे, सोबतीला पुस्तक. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची मुदत त्यांनी घातली. त्या दिवशीचा उरलेला वेळ बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परत आले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यात एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. भाडे देण्याची ऐपत हा प्रश्नाचा केवळ अर्धा भाग आहे. कुटुंब घेऊन आलेल्याला मालक ‘किती माणसे?’ असे विचारतो. एकट्याला ‘तुम्ही कोण?’ असे विचारतो.

आणि ती एकटी बाई असेल तर हा प्रश्न विचारण्याचीही गरज पडत नसे, कारण नकार ठरलेलाच होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्यातिसऱ्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत पाचांत एक कामगार स्त्री होती. त्यांत विधवा पुष्कळ. गावकीच्या खोलीत त्यांना जागा नव्हती, कुडात नव्हती. तिने कोणा नात्यातल्याच्या खोलीत कोपरा धरावयाचा किंवा कोणा पुरुषाच्या आधाराने राहावयाचे. आणि दुसरा मार्ग धरला की लोकांनी तिला नाव ठेवावयाचे. म्हणजे भाडे तिने अब्रूत भरावयाचे.

सुशिक्षित वर्गात हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन सुरू झाले. या संस्थांचा गौरव आपण शिक्षणसंस्था म्हणून करतो आणि तो योग्यच आहे. पण त्यांच्याकडे एकदा निवाऱ्याच्या दृष्टीने पाहा. सोवळी विधवा सासरच्या माजघरातून बाहेर पडली तर रात्र कोठे काढणार, हा प्रश्न त्या काळी अक्षरओळखीच्या आधीचा होता. सदन, आश्रम ही नावेच बोलकी आहेत. पुढे शिकून ती मास्तरीण झाली, नर्स झाली, हाती पगार येऊ लागला. तेव्हा पुन्हा तोच प्रश्न. नर्सला इस्पितळाच्या आवारात खोली मिळे, मास्तरणीला मिळे तर शाळेच्या वसतिगृहात. म्हणजे नोकरी गेली की छप्परही गेले. केंद्र सरकारने नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या वसतिगृहांना मदत देण्याची योजना काढली ती १९७२-७३ मध्ये, कर्व्यांच्या आश्रमानंतर पाऊणशे वर्षांनी. त्या वसतिगृहांतही खाटेबरोबर दरवाज्याची वेळ आणि भेटीला येणाऱ्यांचे रजिस्टर आले. निवारा आणि पाळत यांची फारकत आपल्याला अजून साधलेली नाही.

आता कायद्याकडे वळू. युद्धकाळात भाडी भडकली म्हणून १९१८ साली पहिला भाडेनियंत्रण कायदा झाला. तो दहा वर्षांत विरला. दुसऱ्या युद्धात पुन्हा तेच होऊन १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला. त्याच्या लांबलचक नावात हॉटेल आणि लॉजिंगच्या दरांचाही उल्लेख होता. या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे कठीण केले. लक्षावधी कुटुंबे त्यामुळे तरली, यात शंका नाही. पण कायद्याने ज्याला संरक्षण दिले तो पावतीवरचा भाडेकरू. पोटभाडेकरू ठेवणे याच कायद्याने बेकायदा ठरविले. मुंबईचा एकटा माणूस तर पिढ्यान्‌पिढ्या पोटभाडेकरूच होता! ही बंदी व्यवहारात चालली नाही हे उघड झाल्यावर १९५९ साली वटहुकूम काढून तोवरच्या पोटभाडेकरूंना आश्रय द्यावा लागला.

दुसरी एक खोच अशी की, भाडेकरू मेला तर त्याचा हक्क जावयाचा तो त्याच्याजवळ राहत असलेल्या कुटुंबीयाकडे. ज्याचे कुटुंब गावी, त्याच्याजवळ राहत होते कोण? तीस वर्षे भाडे भरलेल्या माणसाची विधवा कोकणातून आली तर तिला कोर्टात सिद्ध करावे लागे की आपण त्या खोलीत राहत होतो. एकटेपणाची किंमत माणूस मेल्यावरही चुकती झालेली नसे.

१९७३ च्या दुरुस्तीने आणखी एक वळण लागले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लीव्ह अँड लायसेन्सच्या कराराने जागेत असलेल्यांना कायद्याने भाडेकरू मानले. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की, ज्यांच्याकडे रिकामी खोली होती त्यांनी धसका घेतला आणि परक्या माणसाला जागा देण्यापेक्षा कुलूप बरे, असा हिशेब केला. ज्याला पगडी देऊन हक्काची खोली घेण्याची ऐपत नव्हती आणि जो दोनचार वर्षांपुरताच शहरात आला होता, त्याचा दरवाजा त्या कुलपाने बंद झाला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्यांच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्याय्य झाल्याचे म्हटले; त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात ‘पेइंग गेस्ट’ या माणसाची व्याख्या आहे : घरात राहणाऱ्याच्या कुटुंबातला नसलेला, आणि त्याच जागेचा काही भाग परवान्याने मिळालेला. शंभर वर्षांपूर्वी परळच्या चाळीत कामगाराच्या खोलीत पैसे देऊन निजणाराच हा. फक्त त्याला आता पाहुणा म्हणावयाचे.

पुण्यासारख्या विद्येच्या गावी हाच माणूस विद्यार्थ्याच्या वेषात पूर्वीपासून आहे. वाड्याच्या ओसरीवर पथारी, माधुकरी मागून किंवा सात घरी सात वार लावून जेवण, अशा रीतीने किती विद्वान तयार झाले त्याची गणती नाही. त्याचे कौतुक करताना एवढे ध्यानात ठेवावे की वार मिळत ते प्रामुख्याने ब्राह्मणाच्या मुलाला. वाडे गेले, इमारती आल्या, आणि पुणेकरांनी ‘कॉट बेसिस’ हा शब्द काढला. खोली भाड्याने नाही, खोलीतली खाट भाड्याने. लॉर्ड राउटनचे माप शेवटी आपल्याकडे आले, पण कोठडी, वाचनालय आणि न्हाणीघर वाटेत गळून. आणि ज्यांना खाटेऐवजी दार लावता येईल अशी जागा हवी, त्यांच्यासाठी अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, आणि ‘फॅमिलीलाच देणे आहे’ ही जाहिरातीतली ओळ.

पाळीपाळीने निजण्याच्या हिशेबात एक गृहीत असते : अर्धी माणसे सतत बाहेर असली पाहिजेत. काम थांबले की तो हिशेब मोडतो. १९८२ च्या संपात गिरण्यांचे भोंगे बंद झाले, दोन्ही पाळ्या एकाच वेळी खोलीत आल्या, आणि माणसांनी गावाची वाट धरली. पुष्कळजण परतलेच नाहीत. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी झाली तेव्हा धारावीपासून सुरतेपर्यंत हेच पुन्हा घडले. कारखान्यात राबून तेथेच निजणारी, खोलीत आळीपाळीने पाठ टेकणारी माणसे पायी चालू लागली. ‘घरातच राहा’ हा सरकारचा हुकूम त्यांना पाळता येण्यासारखा नव्हता, कारण सगळ्यांनी एकाच वेळी राहावे असे घर त्यांच्यापाशी नव्हतेच. त्याच वर्षी जुलैत केंद्र सरकारने भाड्याच्या घरांची जी योजना मंजूर केली, तीत प्रथमच सदनिकांबरोबर शयनगृहातील खाटाही मोजण्यात आल्या.

गिरण्यांच्या जमिनींवर आता मनोरे उभे आहेत. १ जानेवारी १९८२ रोजी कामावर असलेल्या गिरणी कामगारांना घरे देण्याचे ठरले, त्यांतली पहिली सोडत २०१२ साली निघाली. घर २२५ चौरस फुटांचे. सोडतीत नाव लागले तेव्हा पुष्कळांचे वय सत्तरीच्या घरात होते. खुंटी आणि पेटीवर आयुष्य काढलेल्यांना स्वतःचे दार मिळाले ते नोकरी संपून तीस वर्षे झाल्यावर. बी. डी. डी. चाळींच्या जागीही १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांच्या सदनिका देण्याचे काम सुरू आहे. जुन्या चाळी अशा एकामागून एक पाडल्या जात असता गावकीच्या खोल्यांपुढे मात्र एक वेगळाच प्रश्न आहे. पावतीवर एकाचे नाव, वर्गणीच्या वहीत तीस जणांची. करार करावयाचा तो पावतीवरच्या नावाशी. मंडळाच्या सभा भरतात, जुन्या वह्या काढल्या जातात, कोणाच्या आजोबांनी कोणत्या साली वर्गणी भरली याचे दाखले निघतात. आणि नव्या इमारतीत विसाव्या मजल्यावर भिंतीला तीस खुंट्या ठोकू देतील का, याची चौकशी गावाहून येते.